लेक ऑफ द वुड्स: उन्हाळ्यात मस्की आणि क्रॅपीसाठी पहिल्यांदा जाताना

ओंटारिओच्या वायव्य कोपऱ्यात, मॅनिटोबा आणि मिनेसोटाच्या हद्दीला लागून लेक ऑफ द वुड्स आहे. १४,००० हून अधिक बेटं, त्यांच्यामधल्या अरुंद खिंडी, काळ्या-करड्या खडकाचे काठ, आणि पाण्याखेरीज दुसरी वाट नसलेले मासेमारीचे कॅम्प. विनिपेगहून केनोरा साधारण २१० किलोमीटर. तिथून महामार्ग ७१ ने दक्षिणेला सू नॅरोज आणि नेस्टर फॉल्स. पुढचा प्रवास बहुतेक वेळा होडीने.

नवख्याला इथे दोन मासे खुणावतात. मस्की म्हणजे मस्कलंज, गोड्या पाण्यातला सव्वा मीटरपर्यंत सहज वाढणारा शिकारी. क्रॅपी पंजाएवढी, चपटी, काळे ठिपके असलेली आणि ताटात उत्तम. दोघींसाठी रॉड वेगळा, वेळ वेगळी, जागाही वेगळी. सामायिक गोष्ट एकच: पाण्याचं तापमान पाहिल्याशिवाय दिवसाचा बेत ठरवू नका.

पहिलं काम: पाणी मोजा

भाड्याच्या होडीवर सोनार (पाण्याखालचे मासे आणि खोली पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर पृष्ठभागाचं तापमान पडद्यावर दिसतं. नसेल तर साधा पाण्याचा तापमापक दोरीला बांधून हातभर खोल सोडा आणि दोन मिनिटांनी वाचा. सकाळी निघताना एकदा, दुपारी चारच्या सुमारास पुन्हा. वारा नसलेल्या उथळ खाडीत या दोन आकड्यांत तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून सकाळच्या आकड्यावर दिवसभर विसंबू नका.

१८ ते २४ अंश सेल्सिअस हा मस्कीसाठी चांगला पट्टा. पचन वेगाने होतं, भूक लागते, वेगाने ओढलेल्या आमिषामागेही ती धावते. पारा २६ च्या वर जाऊन २७ कडे झुकला की मस्कीचा रॉड होडीच्या तळाशी ठेवून द्या. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. झुंजीत स्नायूंत साठलेलं आम्ल निघायला वेळ लागतो. सोडलेली मस्की शेपूट हलवत दिसेनाशी होते, पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मरू शकते, आणि ते तुम्हाला कधीच कळत नाही. एवढी मोठी मस्की व्हायला दीड-दोन दशकं लागतात. अशा दिवशी दुपारी झोप काढा आणि संध्याकाळी क्रॅपीकडे वळा.

सरोवर मोठं असल्यामुळे सगळीकडे एकच तापमान नसतं. नेस्टर फॉल्सजवळची सबास्काँग खाडी तुलनेने उथळ. ती लवकर तापते आणि ऑगस्टमध्ये पाणी हिरवं होतं. उत्तरेची व्हाइटफिश खाडी खोल आणि नितळ, तिथे लेक ट्राउट हे थंड पाण्यातले मासेही राहतात. एक खाडी फार तापली तर वाऱ्याने घुसळलेला मोठा, उघडा भाग दोन-तीन अंशांनी थंड मिळू शकतो. हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर ते निळं-हिरवं शैवाल असू शकतं. त्या पाण्यात पोहू नका, मुलांना किंवा कुत्र्याला जाऊ देऊ नका. ते पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही, कारण विष उकळल्याने जात नाही.

घरून निघण्याआधी

ओंटारिओत मासेमारीला परवाना लागतो आणि त्यासोबत आउटडोअर्स कार्ड. एका दिवसाच्या परवान्याला कार्ड लागत नाही. १८ ते ६४ वयाच्या कॅनडा-रहिवाशांना परवाना घ्यावा लागतो. ६५ पूर्ण झालेल्यांना ओळखपत्र पुरतं. आपल्या लोकांची गफलत होते ती इथे. भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सत्तरीचे असले तरी कॅनडाचे रहिवासी नाहीत, त्यांच्यासाठी परवाना काढावाच लागतो. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवा: अर्जाआधीच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने कॅनडात राहिल्यावरच रहिवाशांचा दर लागू होतो.

परवान्याचे स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन असे दोन प्रकार आहेत. कॉन्झर्व्हेशन स्वस्त, पण ठेवायची संख्या कमी आणि त्यात मस्की एकही ठेवता येत नाही. मस्की तुम्ही ठेवणार नाहीच, त्यामुळे बहुतेकांना हाच पुरतो. हा भाग मत्स्य व्यवस्थापन क्षेत्र ५ मध्ये येतो. इथे मस्कीचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि १५ डिसेंबरला संपतो. या सरोवरात १३७ सेंटिमीटरपेक्षा लांब मस्कीच ठेवता येते, बाकी प्रत्येक ताबडतोब सोडायची. क्रॅपीची मर्यादा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत क्षेत्र ५ च्या पानावर पाहा, आणि 'अपवाद' हा भागही वाचा. काही पाण्यांना वेगळे नियम असतात.

मिनियापोलिस किंवा शिकागोहून येणाऱ्यांनी आणखी एक बघावं. भारतीय पासपोर्टवर एच-१बी असेल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. आणि पाण्यावर सीमारेषा रंगवलेली नसते. ओंटारिओचा परवाना मिनेसोटाच्या पाण्यात चालत नाही.

जिवंत आमिष घरून नेऊ नका. परदेशातून छोटे मासे किंवा जळवा आणायला बंदी आहे, आणि ओंटारिओतही एका आमिष-क्षेत्रातून दुसऱ्यात नेता येत नाही. टोरंटोकरांनो, आमिष केनोरा किंवा नेस्टर फॉल्सला घ्या आणि पावती खिशात ठेवा.

कॅम्प ठरवताना भाड्याखेरीज हे विचारा: होडी किती फूट, इंजिन किती अश्वशक्तीचं, सोनार आहे का, बर्फ आणि आमिष तिथे मिळतं का, मस्कीचं मोठं हातजाळं मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'हो, जाळं आहे' असं येतं आणि पोहोचल्यावर वॉलाय नावाच्या लहान माशाचं छोटं जाळं हातात पडतं. तोंडाची रुंदी विचारा. जेवणासकट राहण्याला तिथे अमेरिकन प्लॅन म्हणतात, स्वतः रांधायच्या खोलीला हाउसकीपिंग. घरात कोणी शाकाहारी असेल तर दुसराच घ्या आणि डाळ-तांदूळ, पोहे, मसाला सोबत न्या. विमानाने जायच्या कॅम्पला सामानाच्या वजनाची मर्यादा असते, तेव्हा आकडा आधी विचारा आणि टणक सुटकेसऐवजी मऊ पिशव्या घ्या.

मस्कीचं सामान, आणि त्यात आधी काय

रॉड-रीलपेक्षा मासा सोडायची हत्यारं आधी घ्या. रबरी लेप असलेलं, खोल पिशवीचं मोठं हातजाळं. २८ सेंटिमीटरच्या आसपास लांब चोचीची पक्कड. पोलादी गळ एका दाबात तोडणारा बोल्ट कटर. जबडा उघडा ठेवणारी स्प्रिंग. मोजपट्टी. पाचांतलं एक जरी कमी असेल तर मस्कीसाठी दोरी पाण्यात टाकू नये, असं आमचं ठाम मत आहे.

रॉड साडेआठ ते साडेनऊ फूट, हेवी प्रकारचा. ३०० किंवा ४०० आकाराचं बेटकास्टिंग रील, ८० पौंडांची विणीव ब्रेडेड दोरी. पुढे फ्लुरोकार्बनचा १०० ते १३० पौंडांचा किंवा पोलादी तारेचा लीडर (दोरी आणि आमिष यांच्यामधला दातांनी न तुटणारा तुकडा), निदान फूटभर लांब. मस्कीचे दात साधं नायलॉन एका घासात कापतात आणि माशाच्या तोंडात तीन-तीन टोकांचे गळ तसेच राहतात. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात कौशल्य आहे असं नवख्यांना वाटतं. मस्कीच्या बाबतीत ते उलटं आहे: झुंज जितकी लांबते तितकी ती वाचण्याची शक्यता घटते. शिवाय शंभर ग्रॅमचं आमिष जोरात फेकताना रीलमध्ये दोरी अडकली तर बारीक दोरी तिथेच तुटते आणि आमिष हवेतून जातं ते परत येत नाही.

आमिषं तीन पुरतात. १० नंबरच्या दोन पात्यांची बकटेल फिरकी, पृष्ठभागावर खळबळ करणारं एक टॉपवॉटर आणि एक मोठं रबरी. बाकी दुकानातली भिंत पुढच्या वर्षी. बकटेल समान वेगात ओढायची असते, त्यामुळे शिकायला सर्वांत सोपी. गळांच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करून ठेवा. मासे फार सुटत नाहीत, आणि गळ तुमच्या हातात घुसला तर त्याचं महत्त्व पटेल.

कुठे फेकायचं

जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यांत मस्की उथळ खाड्यांत, नव्या वाढलेल्या कॅबेज नावाच्या पाणवनस्पतींजवळ आणि बोरूच्या पट्ट्यांत असते. जुलैच्या मध्यानंतर बरेच मोठे मासे खडकावर सरकतात: बेटांची पुढे आलेली टोकं, खोल पाण्याला लागून असलेले बुडालेले खडक, दोन बेटांमधल्या खिंडी. त्यातही वारा ज्या बाजूवर आदळतो ती बाजू निवडा. लाटा छोट्या माशांना खडकाकडे ढकलतात, उजेड फुटतो आणि शिकारी जवळ येतो. नवख्याला वारा नसलेली बाजू सोयीची वाटते, म्हणून तो दिवसभर रिकाम्या काठावर फेकत राहतो.

होडी काठापासून एका फेकीच्या अंतरावर ठेवून वाऱ्याबरोबर वाहू द्या. एक जण काठाकडे, दुसरा खोल बाजूला. जेवढे मासे उथळ्यावर असतात तेवढेच त्याच्या खोल कडेला दबा धरून असतात.

वायव्येचा गार वारा आणि लख्ख निळं आकाश आलं की एक-दोन दिवस मासे मंदावतात. तेव्हा लहान आमिष, कमी वेग, आणि वनस्पतींच्या अगदी आतली पोकळी. याउलट दोन-तीन दमट दिवसांनंतर ढग दाटताना मस्की सर्वांत आक्रमक असते, पण पहिला गडगडाट ऐकताच काठ गाठा. नऊ फुटी कार्बनचा रॉड उघड्या पाण्यात उभा धरणं म्हणजे विजेला बोलावणं आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

आठचा आकडा

मस्की आमिषामागे होडीपर्यंत येते आणि चावतच नाही, असं वारंवार होतं. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो न दिसो, रॉडचं टोक पाण्यात घालून आमिष मोठ्या आठच्या आकारात फिरवा. टोकापासून लीडरपर्यंत हातभर दोरी ठेवा. वळणं रुंद असू द्या, कारण मीटरभर लांबीचा मासा अरुंद वळण घेऊ शकत नाही आणि आमिष त्याच्या नजरेतून निसटतं. सरळ भागात थोडं खोल, वळणावर थोडं वर आणि वेगाने. चावा बहुतेक वळणाच्या बाहेरच्या बाजूला पडतो.

मासा दिसताच लोक थबकतात. आमिष थांबलं की मासा निघून जातो. हात चालू ठेवा, चार-पाच आकडे पूर्ण करा, अधूनमधून पाण्यात खोलवर नजर टाका. पोलराइज्ड चष्मा इथे चैनीचा नाही, कामाचा आहे. आलेला मासा चावला नाही तर जागा लक्षात ठेवा आणि सूर्य मावळताना परत या. जूनअखेरीस तिथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, तेव्हा वेळ हाताशी असते.

लागल्यावर

रॉड बाजूला, जोराने ओढा आणि दोरी सैल पडू देऊ नका. जोडीदाराने जाळं पाण्यात धरून थांबायचं, माशामागे धावायचं नाही. डोकं आधी आत येईल असा मासा तुम्ही जाळ्याकडे आणायचा. आत आला की रीलची दोरी मोकळी सोडा, नाहीतर मासा उसळला की आमिषाचे उरलेले गळ तुमच्या हातात जातात.

आता जाळं हीच माशाची खोली, पिशवी पाण्यातच राहू द्या. पक्कडीने गळ निघत नसेल तर झटापट करू नका, कटरने तोडा. गळ स्वस्त आहेत. फोटो हवा तर कॅमेरावाला तयार आहे याची खात्री करा, मग एका हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडाला लावा, लाल कल्ल्यांना स्पर्श नको. दुसरा हात पोटाखाली. मासा आडवा ठेवा. जबड्याने उभा लटकवला तर त्याच्याच वजनाने आतले अवयव आणि मणका दुखावतो. हवेत अर्ध्या मिनिटाहून कमी. मग पाण्यात शेपटीच्या मुळाशी धरून सरळ उभा ठेवा आणि तो स्वतः जोर लावेपर्यंत थांबा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना कल्ल्यांवर उलटं पाणी जातं.

त्याच पाण्यात नॉर्दर्न पाइकही भरपूर असतात. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके आणि शेपटीची टोकं गोलसर. मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा डाग आणि टोकं अणकुचीदार. शंका असेल तर खालच्या जबड्याची छिद्रं मोजा: पाइकला एका बाजूला पाच किंवा कमी, मस्कीला सहा ते नऊ. तरीही ठरत नसेल तर सोडून द्या.

क्रॅपी: संध्याकाळचं काम

इथे सगळं हलकं. साडेसहा-सात फुटांचा अल्ट्रालाइट रॉड, छोटं स्पिनिंग रील, ४ पौंडांचं नायलॉन. १/१६ किंवा १/३२ औंसाचा जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ, त्यावर दोन इंची रबरी शेपूट किंवा ओठातून टोचलेला छोटा जिवंत मासा. वर दोरीवर सरकणारा फ्लोट, आणि खोली ठरवायला दोऱ्याची गाठ.

उन्हाळ्यात क्रॅपी काठावर नसते. कॅबेजच्या बाहेरच्या कडेला अडीच ते चार मीटरवर, खोल पाण्यात पडलेल्या झाडांभोवती, बीव्हरच्या घरट्याजवळ पाहा. बऱ्याचदा ती तळापासून वर, मधल्या पाण्यात तरंगत थांबते. सोनारवर तळाच्या वर ढगासारखा पुंजका दिसतो. आमिष त्या पुंजक्याच्या फूटभर वर ठेवा. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला बघतात, खालून गेलेलं आमिष तिला दिसतच नाही. दिवसभर 'मासे दिसतात पण खात नाहीत' ही तक्रार बहुधा या एका फुटाची असते. सोनार नसेल तर मोजून सोडा: ४ पौंडी दोरीवर १/१६ चा जिग सेकंदाला अंदाजे फूटभर उतरतो. ज्या आकड्यावर चावा आला, तोच पुन्हा मोजा.

संध्याकाळी सातपासून अंधार पडेपर्यंतचा वेळ धरा. नांगर हळूच सोडा. फ्लोट बुडायलाच हवा असं नाही. तो अचानक आडवा पडला तर क्रॅपीने आमिष तोंडात घेऊन वर उचललंय, तेव्हा लगेच दोरी घट्ट करा. झटका मात्र देऊ नका. तिच्या ओठाभोवतीची कातडी कागदासारखी पातळ, फाटली की मासा गेला. होडीत घेताना लहान जाळं वापरा.

सात-आठ मीटरहून खोल पाण्यातून वर काढलेल्या क्रॅपीच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. ती सोडली तरी बहुधा जगत नाही. तिथे 'मोठी मिळेपर्यंत सोडत राहू' असं करू नका. मर्यादेपर्यंत जे येईल ते ठेवा आणि थांबा, किंवा उथळ कडेला जा.

छोट्या जिवंत माशांचं पाणी तापलं की ते तासाभरात मरतात. बर्फ थेट टाकू नका, नळाच्या पाण्याच्या बर्फात क्लोरीन असतं. बंद बाटलीत बर्फ भरून ती बादलीत ठेवा. उरलेलं आमिष आणि बादलीतलं पाणी सरोवरात किंवा त्याच्या ३० मीटरच्या आत ओतायला बंदी आहे.

होडीत बसताना

मोटरची होडी चालवायला प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं. भाड्याच्या होडीसाठी कॅम्पने भरून घेतलेली सुरक्षा-यादीही चालते, पण ती सही करण्यापुरती वाचू नका. प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट अंगात असू द्या. १५ मीटरची तरंगती दोरी, वल्हं किंवा नांगर, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी, टॉर्च. बुडालेले खडक सगळ्यांना चिन्हं लावलेले नाहीत. अनोळखी खिंडीत वेग कमी ठेवा, पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवा आणि जाताना जीपीएसवर वाट नोंदवून त्याच वाटेने परत या. मोबाइल बऱ्याच भागात लागत नाही. कुठल्या खाडीत जाताय आणि किती वाजता परतणार, हे कॅम्पवर लिहून ठेवा.

जुलैमध्येही पहाटेच्या होडीत गारठा लागतो. जाडसर जॅकेट, पूर्ण पावसाळी सूट, डासांसाठी फवारा आणि डोक्याची जाळी घ्या.

ताटापर्यंत आणि परतीपर्यंत

ठेवलेली क्रॅपी लगेच बर्फावर. घरी न्यायच्या तुकड्यांवर कातडीचा मोठा पट्टा राहू द्या, म्हणजे तपासणीत जात आणि संख्या ओळखता येते. तिथे शिजवायचे असतील तर फिले काढून त्यांना मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून दहा मिनिटं ठेवा, तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन घोळवा, मध्यम आचेवर तळा. मांस पातळ असतं, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं पुरतात. जास्त झालं की कोरडं पडतं. तिथे खाल्लेले मासेही तुमच्या मर्यादेत मोजले जातात. आतडी आणि डोकी कॅम्पने सांगितलेल्या जागीच टाका. खोलीजवळ टाकलीत तर रात्री अस्वल येईल.

निघताना होडी स्वतःची असेल तर तळाचं बूच काढून सगळं पाणी सांडा, ट्रेलर आणि नांगराच्या दोरीवरची वनस्पती हाताने काढा. २०२२ पासून ओंटारिओत ही सक्ती आहे. लेक ऑफ द वुड्समध्ये काटेरी वॉटर फ्ली हा बाहेरून आलेला सूक्ष्म जलजीव आधीच आहे. दोरीवर कापसासारखा ओला गोळा जमतो तो त्याचाच. तो पुसून काढा, दोरी आणि जाळं कडक उन्हात पूर्ण वाळू द्या, आणि मगच दुसऱ्या पाण्यात उतरा.